माराकानाचा गोलरक्षक : मोआसिर बार्बोझा (१९२१–२०००)

ब्राझील म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक, रिओ शहरावर बाहू पसरून उभा असलेला ख्रिस्ताचा पुतळा आणि दुसरे, पिवळी जर्सी. विश्वचषकाच्या दिवसांत वसईच्या गावोगावी आणि गोव्यात ती जर्सी घातलेली मुले दिसतात. मात्र १९५० सालापर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळत असे, हे त्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. एका पराभवानंतर ती पांढरी जर्सी अपशकुनी ठरली आणि देशाने ती टाकून दिली. त्याच पराभवाने एका माणसालाही अपशकुनी ठरवले. जर्सी बदलता आली, माणसाला मात्र स्वतःला बदलता येत नाही. मोआसिर बार्बोझा नासिमेंतो हे त्या माणसाचे नाव.

बार्बोझा यांचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी साओ पाउलो राज्यातील काम्पिनास या गावी झाला. पंचांग पाहिले तर त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. कृष्णवर्णीय, कष्टकरी समाजातील हा मुलगा लहानपणी गोलरक्षक नव्हताच. चेंडू पायाशी घेऊन कडेने धावणारा विंगर म्हणून तो खेळे. पुढे साओ पाउलो शहरात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि त्या प्रयोगशाळेच्या कामगारांच्या संघातून खेळता खेळता तो गोलजाळ्यासमोर जाऊन उभा राहिला. तेथून शहरातील इपिरांगा या क्लबने त्याला उचलले. १९४० च्या दशकाच्या आरंभी बार्बोझा व्यावसायिक गोलरक्षक झाले.

गोलरक्षकाचा धंदा त्या काळी कसा होता, हे थोडे समजून घ्यावे लागेल. आजच्यासारखे जाड हातमोजे नव्हते. जे मिळत तेही बार्बोझा वापरत नसत. चेंडूचा स्पर्श तळहाताला कळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. चामड्याचा शिवलेला चेंडू पावसात भिजला की दगडासारखा जड होई. बोटे मोडत, वाकडी होत, तशीच जुळत. बार्बोझांची उंची मध्यमच होती, पण अंदाज अचूक होता. समोरचा खेळाडू चेंडू कोठे देणार हे आधी ओळखून, एक पाऊल पुढे टाकून त्याची वाट बंद करण्यात त्यांचे कौशल्य होते. वाचकांनी हे एक पाऊल लक्षात ठेवावे. याच एका पावलाने त्यांना मोठे केले आणि याच पावलाचा जाब त्यांना पन्नास वर्षे द्यावा लागला.

१९४५ मध्ये ते रिओच्या व्हास्को द गामा क्लबात आले. हे नाव कोकणी आणि वसईकर कानांना परके वाटणार नाही. १८९८ मध्ये, व्हास्को द गामाच्या भारतभेटीला चारशे वर्षे झाली तेव्हा रिओमधील पोर्तुगीज स्थलांतरितांनी हा क्लब स्थापन केला आणि त्याला त्या दर्यावर्दीचे नाव दिले. गोव्यातील मुरगाव बंदराजवळचे शहर आणि रिओचा हा क्लब असे नावाने भाऊ आहेत. क्लबच्या चिन्हावर आजही क्रूस मिरवणारे शिडाचे गलबत आहे.

मात्र या क्लबची खरी श्रीमंती वेगळ्या गोष्टीत होती. रिओमधील फुटबॉल सुरुवातीला धनिक गोऱ्यांचा खेळ होता. व्हास्कोने कृष्णवर्णीय आणि कामगार खेळाडू घेऊन १९२३ ची स्पर्धा जिंकली. तेव्हा मोठ्या क्लबांना ते रुचले नाही. नव्या संघटनेत यायचे असेल तर बारा खेळाडूंना काढून टाका, अशी अट व्हास्कोपुढे ठेवण्यात आली. ७ एप्रिल १९२४ रोजी क्लबच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ती अट नाकारली. संघटनेत प्रवेश नको, पण खेळाडू काढणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ही ७ एप्रिलची तारीख या कथेत पुन्हा येणार आहे.

बार्बोझा आले आणि व्हास्कोचे सुवर्णयुग सुरू झाले. लोक त्या संघाला विजयाची एक्स्प्रेस म्हणत. १९४५, १९४७ आणि १९४९ अशी तीन वर्षे रिओचे अजिंक्यपद त्यांनी एकही सामना न हरता मिळवले. १९४८ मध्ये चिलीतील सांतियागो येथे दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. तेथे अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट हा बलाढ्य संघ समोर होता. त्यात तरुण दी स्तेफानो होते आणि लाब्रुनासारखा अनुभवी आघाडीपटू होता. लाब्रुनाची पेनल्टी बार्बोझांनी अडवली. सामना ०-० असा सुटला आणि व्हास्को खंडाचा विजेता ठरला. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. निर्णायक सामन्यात पॅराग्वेचा ७-० असा धुव्वा उडाला. गोलजाळ्यात बार्बोझाच होते. त्यांच्या योग्यतेविषयी तेव्हा कोणाच्या मनात शंका नव्हती.

आणि मग १९५० साल उजाडले.

दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षे विश्वचषक झाला नव्हता. तो ब्राझीलमध्ये भरवण्याचे ठरले आणि रिओमध्ये माराकाना नावाचे जगातील सर्वांत मोठे क्रीडांगण उभे राहिले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली आणि दोन वर्षांच्या आत सामने सुरूही झाले. या स्पर्धेशी आपलाही एक अर्धवट संबंध आहे. इतर देशांनी माघार घेतल्याने भारत त्या विश्वचषकासाठी न खेळताच पात्र ठरला होता. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात त्याचे नावही पडले होते. पण भारतीय संघ गेला नाही. अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून गेला नाही, ही कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. वस्तुतः आपल्या संघटनेला तेव्हा ऑलिंपिकचेच महत्त्व वाटत होते आणि विश्वचषकाची थोरवी उमगलेली नव्हती, असे त्या वेळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितले. गेलो असतो तर काय झाले असते, हा विचार बाजूला ठेवू.

ब्राझीलने मेक्सिकोवर चार गोल केले. स्वित्झर्लंडशी बरोबरी झाली, युगोस्लाव्हियाला हरवले. अंतिम फेरी चार संघांच्या साखळीची होती. तिच्यात स्वीडनवर ७-१ आणि स्पेनवर ६-१ असे विजय मिळाले. आता एकच सामना उरला होता, शेजारच्या चिमुकल्या उरुग्वेविरुद्ध. उरुग्वेने स्पेनशी बरोबरी केली होती आणि स्वीडनला जेमतेम हरवले होते. त्यामुळे ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. विजय कोणी गृहीत धरला नव्हता, असा माणूस रिओमध्ये सापडला नसता. वर्तमानपत्रांनी आदल्या दिवशीच संघाला जगज्जेता म्हणून छापले. खेळाडूंची नावे कोरलेली सुवर्णपदके तयार होती. रिओच्या महापौरांनी सामना सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून विजेते म्हणूनच त्यांचा गौरव केला. आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांच्या खिशात पोर्तुगीज भाषेतील अभिनंदनाचे भाषण होते. संघाचा मुक्काम शांत जागेतून हलवून व्हास्कोच्या मैदानावर आणला गेला आणि तेथे पुढाऱ्यांची रीघ लागली. खेळाडूंना धड जेवण आणि विश्रांतीही मिळेना.

१६ जुलै १९५०. रविवार होता आणि कार्मेल मातेचा सण होता. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. एकूण संख्या दोन लाखांच्या घरात गेली असावी. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटाला फ्रियासा यांनी ब्राझीलचा गोल केला. पण उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला याने चेंडू काखेत धरून पंचाशी मुद्दाम वाद घातला. लोकांचा जल्लोष ओसरेपर्यंत त्याने खेळ सुरूच होऊ दिला नाही. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा विंगर गिज्जा उजव्या बाजूने ब्राझीलच्या बिगोदेला चकवून पुढे गेला आणि त्याने चेंडू मधे ढकलला. धावत आलेल्या स्किआफिनोने तो गोलजाळ्यात मारला. बरोबरी झाली.

बरोबरी झाली तरी ब्राझीलच जगज्जेता होता. पण मैदानावर अचानक शांतता पसरली आणि ती शांतता खेळाडूंच्या पायांत उतरली.

७९ व्या मिनिटाला तोच गिज्जा, तीच उजवी बाजू, पुन्हा बिगोदे मागे पडलेला. मधला बचावपटू जुवेनाल त्याला अडवायला पोहोचू शकला नाही. समोर बार्बोझा. तेरा मिनिटांपूर्वी याच जागेवरून गिज्जाने चेंडू मधे दिला होता. आताही उरुग्वेचे आघाडीपटू मधे धावत येत होते. शहाणा गोलरक्षक अशा वेळी काय करील? जवळच्या खांबाला चिकटून राहिला तर मधला खेळाडू मोकळा राहतो. मधे सरकला तर खांबाजवळ फट राहते. तेवढ्या कोनातून थेट मारणे विंगरला अवघड असते, म्हणून गोलरक्षक मधली वाट बंद करतो. बार्बोझांनी एक पाऊल मधे टाकले. गिज्जाने ते पाहिले आणि चेंडू खांब आणि गोलरक्षक यांच्या मधल्या फटीत मारला. बार्बोझा डावीकडे झेपावले. चेंडूला आपला हात लागला आहे, तो बाहेर कॉर्नरला गेला आहे, असे त्यांना वाटले. क्रीडांगण नि:शब्द झाले तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले. चेंडू जाळ्यात होता.

फुटबॉल जाणणारा कोणीही आज ते जुने चित्रीकरण पाहील तर त्याला गोलरक्षकाच्या मेंदूतील हिशेब समजतो. हिशेब बरोबर होता, समोरच्याने जोखीम घेतली आणि ती साधली. जवळच्या खांबाकडून गोल होऊ देऊ नये, असा नियम प्रशिक्षक शिकवतात हे खरे आहे. पण त्या क्षणी बार्बोझांपुढे नियम नव्हता, तेरा मिनिटांपूर्वीचा गोल होता.

सामना २-१ असा संपला. ज्यूल रिमे जिना उतरून मैदानावर आले तेव्हा मानवंदनेची रांग नव्हती, वाद्यवृंद नव्हता. त्यांनी गर्दीतून वाट काढत वारेलाला शोधले आणि चषक त्याच्या हाती दिला. भाषण खिशातच राहिले. साओ पाउलो राज्यातील एका घरात रेडिओजवळ बसलेला बाप रडू लागला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने, मी तुमच्यासाठी विश्वचषक जिंकून आणीन असे सांगून त्याची समजूत काढली. तो मुलगा म्हणजे पेले. पुढे गिज्जा विनोदाने सांगत असे की, माराकाना गप्प करणारी माणसे फक्त तीन : पोप महाराज, गायक फ्रँक सिनात्रा आणि तो स्वतः.

आता दोष कोणाचा, हा प्रश्न आला. बावीस गोल करणारी आघाडीची फळी त्या दिवशी एका गोलावर थांबली. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या आदेमीर यांना एकही गोल करता आला नाही. पुढाऱ्यांनी संघाची विश्रांती हिरावली होती. वर्तमानपत्रांनी गर्व पेरला होता. यांपैकी कोणालाही फारसे विचारले गेले नाही. बोटे वळली ती तिघांकडे : बिगोदे, जुवेनाल आणि बार्बोझा. तिघेही कृष्णवर्णीय. हा योगायोग होता असे मानणारे आजही आहेत. मला ते पटत नाही. कृष्णवर्णीयांच्या अंगी निर्णायक वेळी धीर नसतो, ही कुजबुज त्या पराभवानंतर उघड बोलली जाऊ लागली. गोलरक्षकाच्या बाबतीत तर ती जणू रीतच बनली. १९६६ च्या विश्वचषकात मांगा एक सामना खेळले, तेवढा अपवाद. कृष्णवर्णीय गोलरक्षक विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा उतरला तो २००६ मध्ये, आणि तो दीदा.

जुन्या करारात एका बकऱ्याच्या डोक्यावर सर्व लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देण्याचा विधी आहे. बार्बोझांना तर रानातही जाता आले नाही. त्यांना त्याच शहरात राहायचे होते आणि पोटासाठी त्याच मैदानांवर खेळायचे होते.

ते खेळले, आणि उत्तम खेळले, ही गोष्ट बहुतेक जण सांगायची विसरतात. १९५० चे रिओचे अजिंक्यपद त्यांच्या व्हास्कोनेच मिळवले. १९५१ च्या एप्रिलमध्ये व्हास्कोचा संघ उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथे गेला. तेथील पेन्यारोल क्लबात गिज्जा, स्किआफिनो, वारेला हे सारे होते. व्हास्कोने त्यांच्याच मैदानावर ३-० असा विजय मिळवला आणि बार्बोझांनी एकही गोल होऊ दिला नाही. १९५२ मध्ये पुन्हा रिओचे अजिंक्यपद आले. पण हे सारे क्लबाचे सामने होते आणि देशाच्या आठवणीत ते शिरलेच नाहीत. राष्ट्रीय संघात बार्बोझांना त्या पराभवानंतर केवळ एक सामना मिळाला, १९५३ मध्ये. त्याच वर्षी त्यांचा पाय मोडला आणि १९५४ च्या विश्वचषकाची आशा संपली.

त्या विश्वचषकात ब्राझीलचा संघ नव्या जर्सीत उतरला. एका वृत्तपत्राने जर्सीसाठी स्पर्धा ठेवली होती आणि ती अल्दीर श्ली नावाच्या तरुणाने जिंकली. तो उरुग्वेच्या सीमेवरील गावात वाढलेला होता आणि मनाने उरुग्वेचाच चाहता होता, ही त्यातील गंमत.

१९५५ नंतर बार्बोझांचे दिवस फिरतीचे झाले. रेसिफे शहरातील सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस नावाच्या क्लबात ते गेले. मग रिओमधील बोन्सुसेसो या लहान क्लबात आले. तेथून पुन्हा व्हास्कोत परतले आणि १९५८ च्या अजिंक्यपदात त्यांचा वाटा राहिला. शेवटी काम्पो ग्रांदे. वय वाढत होते, क्लब लहान होत होते, पैसा बेताचा होता. त्या काळचे व्यावसायिक खेळाडू कारागिरासारखेच असत. हात चालतात तोवर मजुरी. १९६२ मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, त्यांनी खेळ थांबवला. त्याच वर्षी ब्राझीलने दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. १९५८ आणि १९६२ च्या विजयांनी देशाची जखम भरली असेल, असे वाटावे. पण बार्बोझांच्या वाट्याला क्षमा आली नाही.

निवृत्तीनंतर त्यांना नोकरी मिळाली तीही माराकानाच्या क्रीडासंकुलात. वर्षानुवर्षे ते रोज त्या वास्तूत जात. जुने लाकडी खांब बदलून नवे बसवण्यात आले तेव्हा जुने खांब त्यांना देण्यात आले आणि त्यांनी ते घरी नेऊन जाळले, त्या विस्तवावर मांस भाजून मित्रांना जेवू घातले, अशी एक कथा ब्राझीलमध्ये घरोघरी सांगतात. ती कितपत खरी याविषयी वाद आहे. दुसरी गोष्ट मात्र बार्बोझा स्वतः सांगत. १९७० च्या सुमारास एका दुकानात एका बाईने आपल्या लहान मुलाला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितले की, साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच. ते मूल त्या सामन्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मलेले होते. खांब जाळता येतात, या वाक्याला काय करावे?

१९८८ मध्ये ब्राझीलच्या दोन दिग्दर्शकांनी त्यांच्या नावाचा एक लघुपट काढला. त्यातील नायक काळात मागे जाऊन माराकानावर पोहोचतो. गोल वाचवण्यासाठी तो बार्बोझांना हाक मारतो आणि नेमकी त्या हाकेनेच त्यांची नजर हलते. बार्बोझांवरील आरोपाला एवढे कोमल उत्तर दुसऱ्या कोणी दिले नसेल.

१९९३ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांसाठी ब्राझीलचा संघ तेरेसोपोलिस येथे सराव करीत होता. बहात्तर वर्षांचे बार्बोझा खेळाडूंना भेटायला गेले. त्यांना भेटू दिले नाही. कारण तेच, अपशकुन. ब्राझीलच्या कायद्यात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याहून कितीतरी अधिक वर्षे भोगतो आहोत, असे ते अखेरच्या काळात म्हणत असत. आवाजात कडवटपणा फारसा नसे, असे भेटलेले लोक सांगतात.

आयुष्याची शेवटची वर्षे ते पत्नी क्लोतिल्दे यांच्यासह साओ पाउलो राज्याच्या किनाऱ्यावरील प्राया ग्रांदे येथे राहिले. त्यांना मूलबाळ नव्हते. पत्नीचे निधन त्यांच्या आधी झाले. पैशांची चणचण होती, तेव्हा व्हास्को क्लबाने त्यांना मासिक मदत सुरू केली. किनाऱ्यावर खाद्यपदार्थांची टपरी चालवणाऱ्या एका स्त्रीने त्यांना वडिलांसारखे मानले आणि अखेरपर्यंत त्यांची देखभाल केली. ७ एप्रिल २००० रोजी, उपवासकाळातील शुक्रवारी, बार्बोझा यांचे निधन झाले. व्हास्कोने आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना काढण्यास नकार दिला त्या पत्राला त्या दिवशी बरोबर शहात्तर वर्षे पूर्ण होत होती. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती.

८ जुलै २०१४ रोजी ब्राझील पुन्हा स्वतःच्या भूमीवर विश्वचषकात हरला. जर्मनीने बेलो होरिझोंते येथे सात गोल केले. त्या रात्री अनेकांनी बार्बोझांचे नाव घेतले आणि आता तरी त्यांची सुटका झाली, असे म्हटले. पुढच्या वर्षी गिज्जा गेले, १६ जुलै २०१५ रोजी, त्या गोलाला पासष्ट वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी. त्या सामन्यात खेळलेल्या बावीस जणांपैकी ते शेवटचे होते.

व्हास्को द गामा क्लबाने रिओमध्ये आपले नवे सराव केंद्र उभारले. त्या केंद्राला सभासदांनी मोआसिर बार्बोझा यांचे नाव दिले. क्लबाचे गोलरक्षक आता सरावासाठी त्याच नावाच्या फाटकातून आत जातात.